चेसरचा ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवायचाय

ऑकलंडकर: मंडळी, माझी टोयोटा चेसर टूरर व्ही १९९८ची. अडीच लिटरचं टर्बो इंजिन, ४ गिअरचा ऑटोमॅटिक. त्याजागी ५ गिअरचा आर१५४ मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचाय. गाडीवर जीव आहे, अर्धवट काम नको. काय काय लागेल?

जुना_गडी: बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कव्हर) १जेझेडचंच, म्हणजे तुझ्या इंजिनाचंच घे. फ्लायव्हील, क्लच, पेडल, क्लच दाबणारे मास्टर-स्लेव्ह सिलिंडर, प्रोपेलर शाफ्ट. आणि क्रँकच्या टोकातलं, गिअरबॉक्सचा शाफ्ट धरणारं पायलट बेअरिंग! मी विसरलो होतो. अख्खा बॉक्स पुन्हा उतरवावा लागला.

वायरवाला: किल्ली फिरवल्यावर स्टार्टर ढिम्म राहिला तर घाबरू नकोस. गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच स्टार्टर चालू देणारा स्विच ऑटोमॅटिकबरोबर गेलेला असतो. ती वायर क्लच पेडलच्या स्विचवर घे. रिव्हर्सच्या दिव्याचंही कनेक्शन त्या जुन्या स्विचवरच होतं, तेही बघ.

ऑकलंडकर: दादा, बेअरिंग आत्ताच मागवलं.