डुरांटाच्या जागी काय लावावं?

ताई, सगळी विदेशी झाडं एकदम उपटायची म्हणताय, तेवढी घाई करू नका. बाग उघडीबोडकी पडते आणि मोकळ्या जागेत पहिल्याच पावसात गाजर गवत घुसतं. मी कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या आमच्या घरी आधी फक्त डुरांटा या विदेशी झुडपाचं कुंपण काढलं आणि जूनमध्ये त्या जागी आपल्या देशी अडुळशाची छाटं खोचली. त्यांना फार काही करावं लागलं नाही. आता थंडीत पांढरी फुलं आली की काळा भुंगा येतो, जांभळ्या रेषांवरून डोकं आत घालतो आणि पाठीला पराग माखून बाहेर पडतो. डुरांटाची मी वर्षानुवर्षं फक्त छाटणी केली, असं निरखत कधी उभी राहिले नव्हते!

ऊन भरपूर असेल तर धायटीचं देशी झुडूप लावाच, लाल फुलांवर शिंजीर, म्हणजे मध पिणारे चिमुकले पक्षी, येतात. जागा मोठी असेल तर ताम्हण. कढीपत्ता असेल तर त्यावरच्या अळ्या मारू नका, लिंबाळी फुलपाखरं त्यांचीच होतात. आणि एक कळकळीची विनंती: राधानगरी, पन्हाळ्याकडच्या जंगलातून रोपं उपटून आणू नका. रोपवाटिकेतून घ्या, नाहीतर ओळखीच्यांकडून बी किंवा छाट मागा.