एकाच मालिकेच्या दोन प्रती: कॅसेट ठेवावी की डीव्हीडी?

फीतसंग्रही:

गेली काही वर्षे मी जुन्या कौटुंबिक मालिका आणि चित्रपट व्हीएचएस कॅसेट व डीव्हीडी अशा दोन्ही प्रकारांत जमवत आहे. कपाटातली जागा संपत आल्याने, जे दोन्हींत आहे त्याच्या कॅसेट काढून टाकाव्यात असे जवळजवळ ठरवले होते. परंतु त्याआधी १९७०च्या दशकातील एका अमेरिकी मालिकेचे दोन भाग दोन्हींवर घड्याळ लावून पाहिले आणि गोंधळात पडलो. पहिला भाग कॅसेटवर २५ मिनिटे १० सेकंद चालतो, तर डीव्हीडीवर २४ मिनिटे ८ सेकंदांतच संपतो. दुसरा भाग कॅसेटवर बरोबर २५ मिनिटांचा आहे आणि डीव्हीडीवर केवळ २२ मिनिटे १५ सेकंदांचा. डीव्हीडीवर सर्वांचेच आवाज किंचित चिरके वाटतात, आणि दुसऱ्या भागात रेडिओवर लागणारे गाणे जाऊन तिथे कसलीशी निनावी धून आली आहे. चित्र मात्र डीव्हीडीचेच कितीतरी स्वच्छ आहे. या दोहोंतली खरी प्रत कोणती समजावी? आणखी एक शंका आहे: दोन-तीन कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढुरके ठिपके दिसतात. ती धूळ असावी का?

जुना प्रेक्षक:

तुमच्या दोन भागांत दोन निरनिराळ्या गोष्टी घडल्या आहेत, म्हणून त्या वेगवेगळ्या पाहू.

पहिल्या भागात बहुधा काहीच कापलेले नाही. फिल्मवर चित्रित झालेली मालिका सेकंदाला २४ चौकटी (म्हणजे स्थिर चित्रे) या गतीची असते, पण पाल (भारत-युरोपातली दूरचित्रवाणी पद्धत) पद्धतीच्या डीव्हीडीवर ती २५ चौकटींच्या गतीने चालवली जाते, त्यामुळे सुमारे ४ टक्के वेळ वाचतो. २५ मिनिटे १० सेकंदांचे ४ टक्के म्हणजे साधारण एक मिनिट, आणि तुमचा फरक नेमका तेवढाच आहे. आवाज चिरके वाटण्याचे कारणही हेच, कारण गती वाढवताना स्वर खाली आणण्याची तसदी घेतली नाही तर तो अर्धस्वरापेक्षा थोडा कमी इतका वर चढतो. (हे तुमच्या कानाला जाणवले याचे कौतुक वाटते, अनेकांना वर्षानुवर्षे कळत नाही.) तुमची कॅसेट एनटीएससी (अमेरिका-जपानातली) पद्धतीची असेल, तर तिच्यावर गती मूळचीच राहते.

दुसऱ्या भागात मात्र खरी कात्री लागली आहे. या वाढीव गतीने २५ मिनिटांची २४ व्हायला हवी होती, म्हणजे उरलेली जवळजवळ पावणेदोन मिनिटे गेली कुठे, हा प्रश्न राहतो. त्या काळी अर्ध्या तासाच्या मालिकेचा भाग २५ मिनिटांच्या आसपास असे. पुढे पुनःप्रक्षेपणात जाहिरातींना अधिक जागा करून देण्यासाठी त्यांतले प्रसंग छाटले गेले, आणि डीव्हीडी काढताना काही भागांसाठी या छाटलेल्या प्रतीच हाताशी होत्या किंवा स्वस्त पडल्या. त्यामुळे एकाच संचात काही भाग पूर्ण आणि काही तुटके सापडतात.

दुसरे कारण गाण्यांचे हक्क. मालिका दूरचित्रवाणीवर दाखवण्यासाठी घेतलेली परवानगी घरगुती व्हिडिओला लागू होतेच असे नाही, आणि प्रत्येक गाण्यासाठी नव्याने पैसे मोजावे लागतात. ‘द वंडर इयर्स’ ही मालिका १९९३ साली संपली, पण तिचा संपूर्ण डीव्हीडी संच निघायला २०१४ साल उजाडले, ते याच अडचणीमुळे. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ तर रेडिओ केंद्रावरचीच मालिका. तिच्या २००७ सालच्या डीव्हीडीत इतकी गाणी बदलली होती की जुने चाहते संतापले, आणि २०१४च्या संचात त्यांतली बरीचशी परत आणावी लागली. गाणे नुसते मागे वाजत असेल तर ते बदलता येते, पण पात्र स्वतः ते गात असेल तर सगळा प्रसंगच काढावा लागतो. तुमच्या हरवलेल्या पावणेदोन मिनिटांत असे काही आहे का, ते तपासून पाहावे.

पडद्यासमोर:

मालिकांबद्दलचे वरचे सगळे मान्य आहे, परंतु कॅसेट म्हणजे अस्सल असा नियम करू नये, आणि चित्रपटांच्या बाबतीत तर मुळीच नाही. रुंद पडद्यासाठी काढलेला २.३५ प्रमाणाचा (रुंदी उंचीच्या २.३५ पट) चित्रपट ४:३ च्या दूरचित्रवाणी संचात बसवताना कडा कापल्या असतील, तर चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग गेलेला असतो. संवाद चालू असताना बोलणाऱ्या दोघांपैकी एकच दिसतो, तो यामुळे. तिथे पूर्ण रुंदीची डीव्हीडी निःशंकपणे ठेवावी. उलट ४:३ मध्येच चित्रित झालेल्या मालिकांची १६:९ मध्ये कापलेली नवी आवृत्ती दिसली, तर तिच्यात चित्राचा चौथा हिस्सा वर-खालून गेला आहे हे लक्षात ठेवून जुना संच सोडू नये.

शिवाय पाहायला काढाल ती डीव्हीडीच. मुलांसमोर कॅसेट लावून मधला प्रसंग शोधत बसण्याइतका धीर माझ्यात उरलेला नाही.

रिळांची राखण:

कोणी ठिपक्यांबद्दल लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातली सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे. ती धूळ नसून बुरशी असण्याची दाट शक्यता आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये, म्हणजे कॅसेट चालवण्याच्या यंत्रात, कदापि घालू नये. एकदा चालवली की बुरशीचे कण यंत्राच्या फीत वाचणाऱ्या हेडवर बसतात, पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात, आणि फीत चिकटलेली असेल तर फाटतेही. संशयित कॅसेट आजच वेगळ्या पिशवीत बंद करून इतरांपासून दूर ठेवाव्यात. त्या साफ करण्याचे काम मोकळ्या हवेत, तोंडावर मास्क लावून आणि केवळ त्याच कामासाठी राखलेल्या यंत्रावर करतात, आणि सवय नसल्यास ते जाणकारावर सोपवावे. बाकीच्या कॅसेट आतली फीत एका बाजूला पूर्ण गुंडाळून, उभ्या, थंड आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. दमटपणा ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये.

व्हीसीआर जपून वापरावा, हे वेगळे सांगायला नको. ते बनवणारी शेवटची कंपनी फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले.

डीव्हीडीही अमर नसते. चकतीची मागची बाजू जांभळट किंवा निळसर दिसली, तर ती कारखान्यात ठशाने छापलेली नसून संगणकावर भरतात तशी रंगद्रव्याची चकती आहे असे समजावे. काही कमी खपाच्या मालिका अधिकृतपणेसुद्धा अशाच चकत्यांवर विकल्या गेल्या. त्यांची नक्कल आधी काढून ठेवावी.

फीतसंग्रही:

सर्वांचे आभार. डीव्हीडीचा खोका उलटून पाहिला, तर मागे बारीक अक्षरांत पाल असे छापलेले आहे, आणि कॅसेट एनटीएससी निघाली. दुसरा भाग दोन्हींवर प्रसंगागणिक ताडून पाहिला. शेवटाकडे धाकटी मुलगी भांडी पुसताना रेडिओवरचे तेच गाणे गुणगुणते आणि वडील दारात उभे राहून ते ऐकतात. हा प्रसंग डीव्हीडीवर नाहीच. पुढच्या प्रसंगात वडिलांचा राग अचानक कसा निवळला, ते मला इतके दिवस उमगत नव्हते.

ठिपक्यांच्या तीन कॅसेट पिशवीत बंद केल्या आहेत. त्यांतल्या एकीचे डीव्हीडीवर काहीच निघालेले नसल्याने ती जाणकाराकडे देईन. या मालिकेच्या कॅसेट आता कपाटातच राहतील, आणि जागेसाठी ४:३ मध्ये कापलेल्या चित्रपटांच्या कॅसेट बाहेर निघतील.