नवी स्विफ्ट : हँडल खाली आलं हे बरं झालं

"2024 ची स्विफ्ट म्हणजे जुनीच गाडी, नुसते दिवे बदललेत" असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. एकदा बाजूने नीट बघा. 2018 च्या मॉडेलला मागच्या दाराचं हँडल वर खांबात (छप्पर पेलणाऱ्या उभ्या पट्टीत), काचेच्या मागे लपवलं होतं, दिसायला दोन दारांची गाडी वाटावी म्हणून, पण लहान मुलांचा हात तिथे पोचायचा नाही आणि पहिल्यांदा बसणारा माणूस दार चाचपडत उभा राहायचा. आता ते हँडल परत दारावर आलंय, आणि मला तरी हाच सगळ्यात चांगला बदल वाटतो.

बॉनेटची कड आता बाजूला फेंडरवर (पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर) उतरते आणि तिथून एक रेघ दारांवरून थेट मागच्या दिव्यांपर्यंत जाते, ती उन्हात बघाच. काळे खांब ही 2005 पासूनची ओळख, ती ठेवलीय ते उत्तमच.

लोगो ग्रिलमधून (समोरच्या जाळीतून) काढून वर बॉनेटवर चिकटवलाय ते मात्र नाही आवडलं, ग्रिल एकदम रिकामी दिसते. मागचा बंपरही काळ्या प्लास्टिकमुळे उगाच जड वाटतो.