मदत हवी आहे: बेचाळिशीत भाजी खायला कसं शिकावं?

मंडळी, नमस्कार. प्रश्न विचारायला लाज वाटतेय, पण अंगठा दुखतोय आणि लाजेपेक्षा तो मोठा झालाय.

वय ४२. मी मांसाहारी आहे हे सांगणं म्हणजे मासा अधूनमधून पोहतो असं सांगण्यासारखं आहे. मटण शिजत असलं की मला जिन्यातच कळतं, पहिली शिट्टी व्हायच्या आत. ताटातला तुकडा खांद्याचा की मांडीचा, हे मी डोळे मिटून सांगतो. खाटीक मला लांबून पाहिलं की न विचारता नळ्या बाजूला काढून ठेवतो. भाजी मात्र मी ताटात फक्त वाढू देतो, कारण घरात शांतता हवी असते. मग ती ताटाच्या कडेकडेने प्रदक्षिणा घालते आणि जेवण संपताना जिथून निघाली होती तिथेच येऊन बसते.

गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता उजव्या पायाचा अंगठा पेटला. पांघरुणाचं टोक लागलं तरी जीव जात होता. तपासणीत युरिक ॲसिड ८.४ आलं. या सांधेदुखीला गाउट म्हणतात म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, "भाज्या कोणकोणत्या खाता?" मी म्हणालो, "कांदा." ते थांबले. मी घाईघाईने "टोमॅटो" जोडला. दोन्ही रश्श्यातले आहेत, ही माहिती शेजारी बसलेल्या बायकोने पुरवली.

थोडा पूर्वेतिहास सांगतो, म्हणजे रोगी किती जुना आहे ते कळेल.

लग्नानंतर सासुरवाडीला पहिल्याच जेवणात नळी वाढली. चोखून मगज येईना म्हणून ताटावर जरा आपटली. मगज निघाला, काचेच्या ताटाचा तुकडाही निघाला. सासूबाईंनी तो तुकडा बरीच वर्षं जपून ठेवला होता, पाहुण्यांना दाखवायला.

मग अवयवांचा काळ आला. कलेजी, गुर्दे, भेजा, जीभ, वजडी, खुरं, काही सोडलं नाही. दोन महिने तर रोज सकाळी कलेजी. कुणीतरी सांगितलं की ती जीवनसत्त्वांची खाण आहे, आणि मी खाणीत उतरलो. डोकं सतत दुखायला लागलं. नंतर वाचनात आलं की प्रौढ माणसाने 'अ' जीवनसत्त्व दिवसाला ३००० मायक्रोग्रॅमच्या पुढे रोज घेऊ नये, आणि कलेजीची शंभर ग्रॅमची एक वाटी ही मर्यादा एकाच बैठकीत ओलांडते. डोकेदुखी त्यामुळेच होती असं छातीठोकपणे सांगत नाही, पण कलेजी आठवड्यावर आणली तेव्हा ती थांबली.

एकदा ऑक्टोपस आणला. दहा मिनिटं शिजवला. चावताना जबड्यातून आवाज यायला लागला. चिकाटीने अजून पाऊण तास शिजवला आणि तो लोण्यासारखा झाला. तेव्हा कळलं की चिवट मांसातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला वेळच लागतो, घाई करून भागत नाही. त्यानंतर खुरं मी रात्रभर मंद आचेवर ठेवू लागलो. सकाळी तो रस्सा थंड झाला की वडीसारखा थरथरतो. त्या रश्श्यासाठी मी काय वाट्टेल ते करीन, फक्त सोबत कोशिंबीर खाणार नाही.

शेवटचा पराक्रम या वर्षाच्या सुरुवातीचा. व्हिल्यालमूर स्टेफान्सन नावाच्या संशोधकाबद्दल वाचलं. उत्तर ध्रुवाकडच्या लोकांबरोबर तो वर्षानुवर्षं मांस-माशांवर राहिला. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने आणि त्याच्या एका सहकाऱ्याने वर्षभर फक्त मांस खाऊन दाखवलं. दोघेही धडधाकट राहिले. मला काय, शास्त्राने परवानगी दिल्यासारखंच झालं! तीस दिवस नुसतं मांस खायचं ठरवलं. पहिला आठवडा स्वर्ग. दुसऱ्या आठवड्यात पोट साफ होणं बंद. विसाव्या दिवशी प्रयोग कुठे थांबला ती जागा सांगत नाही, समजून घ्या. अंगठा त्यानंतर काही दिवसांनी पेटला.

आता भाजीचं. मी हट्टी आहे, पण प्रयत्नच केले नाहीत असं कुणी म्हणू नये. पालकाचा रस नाक दाबून प्यायलो, दोन दिवस टिकला. बायकोने खिम्यात गाजर किसून लपवलं, ते मी तिसऱ्या घासाला पकडलं आणि आमचं भांडण झालं. उकडलेला कोबी खाल्ला, घरभर वास राहिला. माझ्या तक्रारी तीन आहेत: कोबी-फ्लॉवर-मुळा मला कडू लागतात आणि त्यांना वास येतो, भेंडी गिळगिळीत लागते, आणि दुधीला कसलीच चव लागत नाही. बाकीच्यांना हे जाणवत नाही की मीच नाटकी आहे?

तर विचारणा अशी की मांस पूर्ण सोडायचं नाही (ते होणार नाही, उगाच सांगू नका), तर भाजी घशाखाली उतरवायची काही रीत आहे का? आणि अंगठ्यासाठी नेमकं काय कमी करू?

प्रतिसाद १

+१, वाचतोय. नळीची गोष्ट वाचून भूक लागली, हे लक्षण काही बरं नाही.

प्रतिसाद २

मी तुमच्या आधी सात वर्षं या अंगठ्याचा पाहुणचार केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रक्तात युरिक ॲसिड साधारण ६.८ च्या वर गेलं की त्याचे स्फटिक जमायला लागतात. थंड जागी जास्त, म्हणून पायाचा अंगठा. ते तयार होतं अन्नातल्या प्युरीन नावाच्या द्रव्यापासून, आणि प्युरीन भरपूर कशात? कलेजी, गुर्दे, भेजा, बारीक तेलकट मासे. म्हणजे तुमची अख्खी आवडती यादी. मटण-चिकन मधल्या पायरीवर. "लाल मांस सोडून चिकन खातो" म्हटल्याने मोठा फरक पडत नाही, प्रमाणाने पडतो.

तुम्हाला आवडणार नाही असं एक सांगते. प्युरीन पाण्यात उतरतं. मांस उकळलं की त्यातलं बरंचसं रश्श्यात जातं. तुमचा तो रात्रभर शिजलेला थरथरणारा रस्सा, त्यात काय काय उतरलंय याचा विचार करा. मी मांस खाते, रस्सा सोडते. पहिले सहा महिने रडू यायचं.

आणि तो तीस दिवसांचा प्रयोग! पिष्टमय पदार्थ बंद केले की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची द्रव्यं रक्तात वाढतात, आणि मूत्रपिंडातून बाहेर पडताना ती युरिक ॲसिडला अडवून धरतात. एका बाजूने प्युरीनचा पूर आणि दुसऱ्या बाजूने मोरी तुंबलेली. अंगठा पेटला यात नवल काय? स्टेफान्सनचा दाखला देताना हेही लक्षात ठेवा की ती माणसं दोनच होती.

पालकात, मटारात, मशरूममध्ये प्युरीन असतं म्हणून गाउटवाल्यांना पूर्वी तेही बंद करायचे. अजूनही काही जण करतात. २००४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सत्तेचाळीस हजारांच्या आसपास पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवलं होतं. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाउट वाढलेला दिसला, प्युरीनवाल्या भाज्यांनी वाढलेला दिसला नाही. तेव्हा ती सबब चालणार नाही. बिअरबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, ते मुद्दाम का?

औषध दिलं असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दुखणं थांबलं की सगळे बंद करतात, मीही केलं होतं.

धागाकर्ता

रश्श्याबद्दल वाचून उठून एक फेरी मारून आलो. बिअर: हो. शनिवारी. आणि रविवारी.

प्रतिसाद ३

तुम्ही नाटकी नाही. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक पूड उडाली. शेजारचा माणूस म्हणाला कडू लागतेय, फॉक्सला कसलीच चव लागेना. त्यातून कळलं की काही कडू चवी काहींना लागतात, काहींना लागतच नाहीत, आणि ते जन्मजात असतं. त्यामागचं जनुक पुढे सापडलं. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या कुळात गंधकयुक्त द्रव्यं असतात, त्यांची कडू चव त्याच जनुकामुळे कुणाला जास्त, कुणाला कमी लागते. (कारल्याचा कडवटपणा वेगळ्या द्रव्यांचा, तिथे हे कारण सांगू नका.)

पण जीभ कडू चाखते म्हणून सुटका नाही. मीठ कडू चव दाबतं. तूप-तेलही. आणि कोबी जितका जास्त वेळ पाण्यात शिजेल तितका त्याचा गंधकाचा वास वाढत जातो. तुमच्या घरात राहिलेला वास कोबीचा कमी, शिजवणाऱ्याचा जास्त.

प्रतिसाद ४

मी स्वयंपाकघरात काम करतो. तुमचा धागा वाचून एक गोष्ट खटकली. ऑक्टोपससाठी पाऊण तास, खुरांसाठी अख्खी रात्र, आणि कोबी? पाण्यात टाकला, शिट्टी केली, ताटात ओतला. मटण असं नुसतं पाण्यात उकडून बिनमिठाचं वाढलं असतं तर तुम्ही तेही कडेकडेने फिरवलं असतं.

तुम्हाला मटणात काय आवडतं, ते बघा. एक, भाजलेल्या पृष्ठभागाची तपकिरी चव. लुई कामी मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचा उलगडा केला: प्रथिनांतले घटक आणि साखर तापली की ती तयार होते. तिला १४० अंशांच्या आसपास उष्णता लागते. उघड्या भांड्यात पाणी १०० च्या वर जात नाही, कुकरमध्येही १४० गाठत नाही, म्हणून उकडलेल्या भाजीत ती येणंच शक्य नाही. दोन, चरबी. तीन, ती तोंडात रेंगाळणारी मांसल चव. किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये तिला उमामी नाव दिलं. ती ग्लुटामेट या द्रव्यामुळे येते, आणि ते मशरूममध्ये आणि पिकलेल्या टोमॅटोतही असतं.

तेव्हा असं करा. कोबीचे आठ जाड फाक करा, देठ ठेवा म्हणजे सुटणार नाहीत. लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवा. फाक कोरडे पुसा, तेल-मीठ लावा, तव्यावर ठेवा आणि हात लावू नका. चार-पाच मिनिटं. काठ काळे पडू द्या. उलटा. वरून लिंबू. मशरूम तर तेलाशिवाय कोरड्या तव्यावर टाका, पाणी सुटून आटलं की मग तेल. भेंडी धुतल्यावर पूर्ण कोरडी करून मगच चिरा, मोठ्या आचेवर परता, झाकण नको. गिळगिळीतपणा पाणी आणि झाकणामुळे वाढतो.

आणि लपवू नका. लपवलेलं गाजर पकडलं की माणूस घरच्यांवरचा विश्वासही गमावतो.

प्रतिसाद ५

डाळी आणि कडधान्यं चालतात का? मांसात तंतू शून्य, दिवसाला लागतात २५ ते ३० ग्रॅम. शिजवलेल्या मसुरात शंभर ग्रॅमला साधारण ८ ग्रॅम, शिजवलेल्या कोबीत जेमतेम २. पोटाचा प्रश्न आधी तिथे सोडवा. एकदम वाढवू नका, पाणी भरपूर प्या, नाहीतर दुसऱ्याच कारणाने धागा काढावा लागेल.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. हिशेब देतो.

मसूर चालतो, आवडतोही. तो भाजीत मोजतात हे कुणी आधी का नाही सांगितलं? पोटाची तक्रार दहा दिवसांत संपली.

कोबीचे फाक केले. पहिल्या वेळी हात लावला, फसले. दुसऱ्या वेळी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. काठ करपले, आत गोडसर. दोन खाल्ले. बायको काही बोलली नाही, फक्त उरलेले सहा तिने माझ्याकडे सरकवले. मशरूम सर्वांत सोपे गेले, पहिल्याच दिवशी पसंत. खरं तर ती वनस्पतीही नाही, म्हणून ते माझ्याच बाजूचे आहेत असं मी धरून चाललोय. भेंडी कोरडी करून केली. गिळगिळीत नव्हती. आवडली असं म्हणत नाही, पण ताटात फिरली नाही.

कलेजी-भेजा बंद. मटण आठवड्यातून दोनदा, तुकडे मोजून. रश्श्याचं भांडं समोर आलं की मी दुसऱ्या खोलीत जातो. बिअर बंद, तिच्याबद्दल बोलायचं नाही. काल युरिक ॲसिड ७.१ आलं. डॉक्टर म्हणाले ६ च्या खाली हवं, औषध चालू ठेवा.

एक शंका राहिली. दुधीबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. त्याचं काही करता येतं का?

प्रतिसाद ४

पातळ चकत्या, मीठ लावून अर्धा तास, घट्ट पिळा, मग कडक तव्यावर. तरी नाही आवडला तर सोडून द्या.

प्रतिसाद २

सात वर्षं झाली. मी अजून दुधी खात नाही.

धागाकर्ता

बायकोला हा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणते, दुधी आणून झालाय.