जिराफाच्या चार प्रजाती मानल्याने जिराफ वाचेल का?

रानवाट:
ऑगस्ट 2025 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाने जिराफाच्या चार प्रजाती मान्य केल्या: उत्तरी, जाळीदार, मसाई आणि दक्षिणी. माझ्या मते हे फार उशिरा झालं. जनुकीय अभ्यासातून 2016 मध्येच चार प्रजाती पुढे आल्या होत्या. तरी सगळे जिराफ एकच धरले गेले. आजच्या अंदाजाने दक्षिणी जिराफ सुमारे 69 हजार आहेत, उत्तरी जेमतेम 7 हजार. दोघांची बेरीज केली की नामिबियातल्या वाढत्या कळपांमागे दक्षिण सुदानमधली वाताहत झाकली जाते. आता तरी ती झाकता येणार नाही.

माळढोक:
साफ असहमत. झाकलेलं काहीच नव्हतं. 2018 मध्येच आययूसीएनने उपप्रजातींची वेगळी नोंद केली, त्यात उत्तरी जिराफाच्याच कोर्दोफान आणि न्युबियन या उपप्रजाती 'अतिसंकटग्रस्त' ठरल्या. आणि नायजरचं काय? 1996 मध्ये पश्चिम आफ्रिकेचे जिराफ (हीही उत्तरीचीच उपप्रजाती) अवघे 49 उरले होते, आज सहाशेच्या वर आहेत. राजधानी नियामेजवळच्या कुरे भागात कुंपण नाही, बाजरीच्या शेतांतून जिराफ फिरतात. सरकारने शिकार बंद केली, गावकऱ्यांना पर्यटनातून चार पैसे मिळू लागले आणि त्यांनी जनावर सांभाळलं. 2018 मध्ये तिथलेच आठ जिराफ नायजरमधल्याच गादाबेजी अभयारण्यात हलवले, जिथून ते काही दशकांपूर्वी नाहीसे झाले होते. हे सगळं झालं तेव्हा तो जिराफ कागदावर उपप्रजातीच होता.

रानवाट:
नायजरचं उदाहरण मान्य, पण तिथे सरकार जागेवर होतं. जिथे यादवी आहे तिथे बाहेरचा पैसा आणि दबाव लागतो, आणि तो प्रजातीच्या नावावरच उभा राहतो. 'उपप्रजाती' म्हटलं की निधी देणारे पुढच्या अर्जाकडे वळतात.

सावली_७:
मुद्दा स्थलांतराचाही आहे. कळप हलवताना कोणता वंश कुठे सोडायचा हे माहीत नसेल तर आपणच संकर घडवून ठेवू. त्यासाठी वर्गीकरण हवंच. पण चार हा आकडा अंतिम नाही. काही अभ्यासकांना तीनच पटतात, कारण उत्तरी आणि जाळीदार जिराफांत जनुकांची देवाणघेवाण झालेली दिसते. मग छोट्या, एकाकी कळपात नवं रक्त आणायची वेळ आली आणि 'वेगळी प्रजाती' म्हणून कुणी अडवलं तर?

माळढोक:
नेमकं हेच. युगांडाच्या मर्चिसन फॉल्समध्ये जिराफाचे पाय तारेच्या फासात अडकतात. फास लावणारा गरीब माणूस रानडुक्कर किंवा हरणाच्या मटणासाठी लावतो, अडकतो जिराफ. त्याच उद्यानात तेलाच्या विहिरी खोदल्या जात आहेत. यातलं काय वर्गीकरणाने थांबणार आहे?

दख्खनी:
आफ्रिकेच्या दक्षिणेचाही विचार करा. 2019 मध्ये जिराफ साइटिसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आला, म्हणजे व्यापारावर नियंत्रण आलं. दक्षिणेतल्या अनेक देशांचा त्याला विरोध होता, कारण तिथे खासगी जमिनीवर नियंत्रित शिकारीच्या पैशातून जिराफ टिकलेत. मला शिकार अजिबात पटत नाही, तरी त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. चार प्रजाती मानल्या तर निदान उत्तरेला कडक आणि दक्षिणेला सैल असे वेगळे नियम करता येतील. रानवाट, मला तुमच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा वाटतो आणि तुम्ही तो मांडलाच नाहीत.

रानवाट:
दख्खनी, मान्य, पण अर्धंच. कातडं किंवा हाडाची कोरीव वस्तू सीमेवर आली की ती कुठल्या जिराफाची हे बघून सांगता येत नाही. सैल नियमाच्या आडून उत्तरेचा मालही निघेल. त्यामुळे व्यापाराचा नियम चौघांनाही सारखाच कडक हवा. संरक्षणाचा पैसा मात्र आधी उत्तरेला.