शब्दचर्चा : ताप, कसर, लागण, साथ आणि कोकणातला पावसाळा

पाणंद (कुडाळ)

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि माकडताप या दोन आजारांच्या घरोघरच्या पाहणीसाठी एक प्रश्नावली मराठीत आणायचे काम हातात आहे. मूळ इंग्रजी, सोबत एक पुस्तकी मराठी मसुदा. तो वाचल्यावर इथे विचारावेसे वाटले. यातले चार-पाच शब्द नीट बसले नाहीत तर पाहणीच फसेल, याची मला खात्री आहे.

पहिला प्रश्न असा : ‘गेल्या दोन आठवड्यांत घरातील कोणास ताप आला होता काय?’

गेल्या पावसात एका वाडीत मी आशाताईंबरोबर, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेबरोबर, फिरत होते. लावणी जोरात, घरात फक्त आजी. आशाताईंनी विचारले, ‘घरात कोणाक ताप आसा?’ आजी म्हणाली, ‘नाय गो बाय, ताप खंयचो!’ आशाताईंनी वही मिटली नाही. ओटीवर टेकल्या आणि म्हणाल्या, ‘कोण निजान आसा?’ ‘आसा मां. झील (मुलगा) कालपासून निजान आसा. आंग मोडान इला म्हणता, पोटऱ्यो दुखतत.’ आत जाऊन बघितले तर अंगाला हात लाववत नव्हता, डोळे लालभडक. त्याच दुपारी त्याला आरोग्य केंद्रात नेले.

आजी खोटे बोलत नव्हती. तिच्या लेखी ताप म्हणजे माणूस बरळायला लागतो तो. त्याच्या अलीकडे कसर आहे, कणकण आहे, कसकस आहे, अंग मोडून येणे आहे. मसुद्यात या सगळ्यांना मिळून एकच शब्द आणि त्याच्यापुढे एक चौकट, ‘होय / नाही’.

लेप्टोत या अलीकडच्या पायऱ्याच मोलाच्या. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून जंतू शेतातल्या पाण्यात उतरतो आणि चिखलात दिवस काढणाऱ्या माणसाच्या कातडीवरच्या लहानसहान जखमांतून आत शिरतो. बहुतेकांना ५ ते १४ दिवसांत त्रास सुरू होतो. सुरुवातीलाच औषध मिळाले तर साध्या गोळ्यांवर माणूस उठून बसतो. उशीर झाला तर यकृत, मूत्रपिंडे, फुप्फुसे यांवर जाते. म्हणजे ज्या दिवसांत माणूस ‘ताप नाही’ म्हणतो, नेमक्या त्याच दिवसांत तो सापडायला हवा.

तुमच्या भागात काय म्हणतात ते लिहा. आणि ‘लागण’, ‘बाधित’, ‘उद्रेक’ यांबद्दलही.

खाजण (मुरूड)

आमच्या कोळीवाड्यात ‘कसर आहे’ आणि ‘अंग कसकसतंय’ दोन्ही चालते. पण ताई, मी म्हणेन की सुरुवातीलाच आजाराचे नाव घेऊ नका. विचारा, ‘कामावर कोण गेलं नाही?’ लावणीच्या दिवसांत किंवा होडी लोटायच्या वेळी धडधाकट माणूस घरी बसत नाही. त्याचे घरी असणे हेच पहिले लक्षण. त्यानंतर कसर, कणकण, डोकेदुखी विचारत जा.

नळी (रत्नागिरी)

मी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून ‘लागण’ या शब्दावर थोडे सविस्तर लिहितो.

बातमीत येते, ‘तालुक्यात लेप्टोची लागण झालेले इतके रुग्ण’. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेकांचे रक्त तपासून व्हायचे असते. रोगसर्वेक्षणात तीन पायऱ्या आहेत आणि कागदी फॉर्म होते तेव्हापासून त्या सगळ्या कर्मचाऱ्यांना पाठ आहेत : एस, पी, एल. गावातला आरोग्यसेवक लक्षणे बघून भरतो तो एस. डॉक्टर तपासून भरतात तो पी. प्रयोगशाळा भरते तो एल. मराठीत संशयित, संभाव्य, निश्चित. एकात्मिक रोगसर्वेक्षण २००४ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून हे शब्द कार्यालयांत रुळले. गावात आणि वर्तमानपत्रात मात्र तिन्ही पायऱ्यांना ‘लागण’.

‘लागण झाली’ म्हणजे जंतू शरीरात शिरला. शिरल्यावर माणूस आजारी पडेलच असे नाही. लेप्टोची लागण होऊन काहीही न होणारे खूप असतात. म्हणून ‘लागण’ आणि ‘आजार’ वेगळे ठेवा, आणि ‘संशयित’ तर त्याहून वेगळा.

दुसरा शब्द ‘निगेटिव्ह’. तो आता मराठीच झाला आहे, त्याला पर्याय शोधत बसू नका, पण त्याचा अर्थ प्रश्नावलीच्या सूचनांत लिहा. लेप्टोची जी रक्ततपासणी आपल्याकडे सहज होते ती शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती दिसण्याजोगी व्हायला पहिला आठवडा जवळजवळ सरतो. तिसऱ्या दिवशी घेतलेले रक्त निगेटिव्ह आले म्हणजे ‘लेप्टो नाही’ असे मुळीच नाही, ‘अजून दिसत नाही’ एवढेच. जिवंत जंतूंवर करायची जी खात्रीची चाचणी आहे, तिला तसे जंतू सतत वाढवत ठेवावे लागतात. तालुक्याच्या ठिकाणी ते शक्य नसते. म्हणून तर डॉक्टर अहवालाची वाट न बघता उपचार सुरू करतात. घरच्यांनी ‘निगेटिव्ह आला’ म्हणून गोळ्या थांबवल्या की आमच्या पोटात गोळा येतो.

सुरंगी (दोडामार्ग)

माकडतापाबद्दल मला बोलायचे आहे. आमच्या तालुक्यात २०१६ मध्ये त्याने माणसे नेली, तेव्हा मी इथेच शिकवत होते.

हा विषाणू १९५७ साली आजच्या कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला. पुण्यातली विषाणू संस्था १९५२ ची, तिच्याच शास्त्रज्ञांनी तो शोधून काढला. तिकडे माकडे मरत होती आणि पाठोपाठ माणसे तापाने पडत होती, म्हणून नाव पडले माकडताप. पण माणसाला तो होतो गोचिडीच्या चाव्यातून. नावामुळे आमच्याकडे लोक माकडांवर राग काढायला लागले. आणि माकड जवळपास नसले की ‘आमच्या काजूत माकडाच नाय, आमका खंयसून होतलो?’ असे म्हणून बिनधास्त पाचोळ्यात बसायचे.

कोणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगते, ‘गोचीडताप’ हे नाव घेता येत नाही. ते गुरांच्या तापाला कधीपासून वापरात आहे. गुरांच्या डॉक्टरांकडे जाऊन बघा, फलकावरच लिहिलेले असते. एकच नाव माणसाच्या आणि गाईच्या वेगवेगळ्या आजारांना दिले तर घोळ होईल. तेव्हा ‘माकडताप’ राहू द्या. पण प्रत्येक ठिकाणी लगेच पुढे ‘गोचिडीमुळे होणारा’ असे आलेच पाहिजे.

आता तुमच्या मसुद्यातला प्रश्न : ‘गोचीड चावली होती काय?’ याचे उत्तर शंभरातली बहुतेक माणसे ‘नाही’ देतील. गोचीड म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे येते ती गाईच्या कानाला चिकटलेली, रक्त पिऊन टम्म फुगलेली, वाटाण्याएवढी. माणसाला चावते ती बहुतेकदा तिची पिल्लावस्था, तिळाहून बारीक. चावली तरी कळत नाही. म्हणून चावली का ते विचारू नका, कुठे गेला होता ते विचारा. काजूच्या बागेत बोंडू गोळा करायला? तरव्याची (भातरोपांची) जागा भाजायला पातेरा, म्हणजे सुका पाला, आणायला? लाकडांना? थंडी संपत आल्यापासून पाऊस पडेपर्यंत हीच कामे असतात आणि माकडतापाचा हंगामही तोच.

मेलेले माकड दिसले तर काय, हा प्रश्नही हवा. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि दुसरे अंग शोधतात. त्याला हात न लावता, जवळ न जाता लगेच कळवायचे. इथे ‘मृत माकड आढळल्यास’ असे लिहू नका, ‘माकड मरून पडलेले दिसले तर’ असे लिहा.

पाणंद (कुडाळ)

सुरंगीताई, हे सगळे जसेच्या तसे घेते. ‘कुठे गेला होता’ याच्या धर्तीवर लेप्टोचा प्रश्नही बदलावा लागेल. मसुद्यात आहे, ‘पायास जखम होती काय?’ जखम म्हणजे आपल्याला कोयतीचा घाव. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पांढरी पडून फाटलेली कातडी, जिला आपण चिखल्या म्हणतो, तिला कोणी जखम म्हणत नाही. पावसात त्या सगळ्यांना होतात, त्यात सांगण्यासारखे काय, असेच वाटते. पण जंतूला तीच वाट पुरते. ‘चिखल्या, भेगा, खरचटलेले’ असे तिन्ही शब्द घालते.

‘साथ’ आणि ‘उद्रेक’ याबद्दल कोणी सांगाल का?

जुना फळा (राजापूर)

मुलाखतीत ‘साथ’ वापरा, अहवालात ‘उद्रेक’. साथ हा लोकांचा शब्द. साथ येते, पसरते, गावात शिरते, ओसरते. तिची अशी स्वतःची क्रियापदे आहेत. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि घाबरलेली माणसे मुंबई सोडून गावाकडे निघाली, तेव्हापासून साथ आणि मुंबईची वाट हे कोकणाच्या मनात एकत्रच आहेत. त्या वेळी झालेला १८९७ चा कायदाही मराठीत साथीच्या रोगांचाच कायदा म्हणून ओळखला जातो. करोनाच्या टाळेबंदीत तेच नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले.

उद्रेक हा मोजमापाचा शब्द. एरवी जितके रुग्ण अपेक्षित असतात त्याहून जास्त, एका ठिकाणी, एका काळात. त्याला मोठा आकडा लागत नाही. जिथे माकडताप कधीच नव्हता अशा गावात एक निश्चित रुग्ण निघाला तरी यंत्रणेने उद्रेकासारखेच धावायला हवे. तिथे साथ म्हणणे मात्र चूक. ‘प्रादुर्भाव’ मला पोकळ वाटतो. दोन रुग्णांनाही प्रादुर्भाव, दोन हजारांनाही. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

खरी अडचण तिसरीच आहे. दरवर्षी पावसात येणारा, पण साथ नसलेला आजार, त्याला काय म्हणायचे? पुस्तकात ‘प्रदेशनिष्ठ’ लिहितात. गावात ते कोणाला समजणार? मला ‘मुक्कामी आजार’ सुचतो.

खाजण (मुरूड)

सर, मुक्कामी म्हटले की आमच्याकडे मुक्कामी एसटी. ती रात्री येते आणि पहाटे निघून जाते. अर्थ उलटा होईल.

जुना फळा (राजापूर)

बरोबर आहे तुमचे. मग ‘ठाण मांडलेला आजार’. जागा पुस्तकी शब्दाहून जास्त खाईल, पण समजावून सांगावे लागणार नाही.

नळी (रत्नागिरी)

‘बाधित’ या शब्दाबद्दल कोणीच लिहिले नाही. करोनात तो इतका ऐकला की आता प्रत्येक कागदात असतो. मला तो प्रश्नावलीत नको वाटतो. आपल्याकडे बाधा म्हटले की आधी बाहेरची बाधा. तुम्ही ‘घरात कोणी बाधित आहे का’ विचारले तर म्हातारी माणसे गप्प होतील, कारण ती गोष्ट परक्याला सांगायची नसते. देवाला गाऱ्हाणे घालणाऱ्यांशी माझे भांडण नाही, गाऱ्हाणे घालून दवाखान्यातही येणारे पुष्कळ आहेत. पण आपल्याच शब्दाने आपण त्यांचे तोंड बंद करू नये. ‘आजारी’ हा शब्द पुरेसा आहे.

सुरंगी (दोडामार्ग)

‘कावीळ’ राहिली. माझ्या मते या यादीतला सगळ्यांत जोखमीचा शब्द तोच.

लेप्टो वाढला की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. घरात लगेच नाव ठरते, कावीळ. कावीळ म्हटले की पुढचे सगळे ठरलेले : झाडपाल्याचे औषध देणारा, तेलकट बंद, पेज आणि विश्रांती. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते, त्यामुळे औषधाचा गुण आला असे वाटते आणि विश्वास वाढतो. तोच विश्वास लेप्टोच्या माणसाचे चार दिवस खातो, आणि ते चार दिवस त्याच्याकडे नसतात. कावीळ हे लक्षण आहे, आजाराचे नाव नाही. पण असे सांगून लोक शब्द सोडणार नाहीत. म्हणून विचारताना जोडून विचारा, ‘कावीळ दिसायच्या आधी ताप होता का, पोटऱ्या दुखत होत्या का, लघवी कमी झाली का?’ यातले काही ‘होय’ आले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र. ही सूचना ठळक छापा.

पाणंद (कुडाळ)

सगळे धरून सुरुवात अशी केली आहे, बघा :

‘गेल्या दोन आठवड्यांत घरातले कोणी कामावर न जाता निजून होते का? कोणाला ताप, कसर, कणकण, अंग मोडून येणे, पोटऱ्या दुखणे यांतले काही झाले का? त्याआधीच्या दिवसांत ते शेतात, पाण्यात, चिखलात, काजूत किंवा रानात गेले होते का? पायाला चिखल्या, भेगा, खरचटलेले होते का?’

मूळ मसुद्यात ‘अल्पसंसाधन क्षेत्र’ असा एक शब्द आहे, तो काढून ‘जिथे तपासणीची सोय जवळ नाही अशी गावे’ केले. ‘दुर्गम’ सुचवले होते, पण महामार्गाला लागून असलेल्या गावातूनही रक्ताचा नमुना बर्फाच्या डब्यातून घाट चढून जातो, ते गाव दुर्गम कसे?

आबोली (देवगड)

मी सात-आठ वर्षे घरभेटी करते. एक सांगू? ‘घरातले कोणी’ यात बाई स्वतःला धरत नाही. नवऱ्याचे सांगेल, मुलांचे, सासऱ्यांचे सांगेल. लावणीला सगळ्यांत जास्त वेळ ओणवी तीच असते, चिखल्या तिलाच जास्त, पण कसर असली तरी ती निजत नाही, भाकऱ्या थापतच असते. ‘कामावर कोण गेले नाही’ यातही ती येणार नाही. तिला वेगळे विचारावे लागते, आणि सासू समोर नसताना.

पाणंद (कुडाळ)

आबोलीताई, घातला. दुसऱ्या क्रमांकावर : ‘आणि तुम्हाला स्वतःला?’ त्याखाली सूचना, की हा प्रश्न पडवीत नको, चुलीपाशी विचारायचा.