मकोला बाजार पाडून स्वस्ताई आली का?

निशिगंध:
जून १९७९ मध्ये जेरी रॉलिंग्ज यांनी घानाची सत्ता घेतली आणि ऑगस्टमध्ये सैनिकांनी राजधानी अक्रामधला मकोला क्रमांक १ हा बाजार जमीनदोस्त केला. आरोप असा, की इथल्या विक्रेत्या माल दडवून भाव चढवतात. या काळ्या बाजाराला तिथे 'कालाबुले' म्हणत. बायकांना चारचौघांत फटके मारले गेले.

माझ्या मते शिक्षा चुकीच्या माणसांना झाली. १९७७ मध्येच महागाई शंभर टक्क्यांच्या वर गेली होती. सेडी या घानाच्या चलनाचा सरकारी दर खोटा होता, आयात परवाने सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतल्यांना मिळत. यातलं काय भाजीवालीच्या हातात होतं? उलट जिथे बँक दारात उभं करत नाही, तिथे या बायकांनी पैसा खेळता ठेवला. सुसूवाला रोज प्रत्येक विक्रेतीकडून ठरलेली रक्कम घेतो, महिनाअखेरीस परत करतो आणि एका दिवसाची रक्कम स्वतःला ठेवतो. आपल्याकडचा पिग्मी एजंटच म्हणा. पुढच्या खेपेचं भांडवल आणि मुलांची फी त्यातूनच उभी राहते.

काळी माती:
फटके मारणं अमानुषच होतं, त्यावर वाद नाही. पण तुम्ही सगळ्यांना भाजीवाली करून टाकलंत. या बाजारांत मोठ्या घाऊक व्यापारी बायकाही असतात आणि त्यांची सत्ता खरी असते. घानात टोमॅटोची एक 'राणी' असते. कोणाचा ट्रक कधी उतरणार, यावर तिचा शब्द चालतो. उत्तरेकडच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे, की थेट अक्रात माल विकता येत नाही आणि व्यापारी बायका बुर्किना फासोमधून टोमॅटो भरून आणतात. नासणारा माल घेऊन बसलेला शेतकरी मिळेल तो भाव घेतो. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, मला ही व्यवस्था पटत नाही.

टोगोच्या 'नाना बेंझ'ही बघा. डच कंपनीने ठरावीक नक्ष्यांचं कापड विकायचा हक्क ठरावीक बायकांना दिला, त्या मर्सिडीजमधून फिरू लागल्या. जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँक या तिथल्या चलनाची किंमत निम्मी झाली, पुढे स्वस्त चिनी कापड आलं आणि तो डोलारा कोसळला.

मनस्विनी:
चर्चा फक्त नफ्यावर अडकली आहे. नायजेरियातल्या अबेओकुटाचं काय? दुसऱ्या महायुद्धात तिथे विक्रेत्यांचा तांदूळ जप्त होत होता आणि बायकांवर वेगळा कर होता. फुनमिलायो रॅन्सम-कुटी या शिक्षिका त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. हजारो बायकांनी राजवाड्यासमोर ठाण मांडलं आणि जानेवारी १९४९ मध्ये अलाके, म्हणजे तिथला राजा, गादी सोडून गेला. मतपेटी दूर होती तेव्हा कराचा जाब विचारणाऱ्या या बायका होत्या. गिनीतही १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांच्या 'आर्थिक पोलिसां'विरुद्ध विक्रेत्याच रस्त्यावर आल्या आणि सरकारला खासगी व्यापारावरचे निर्बंध सैल करावे लागले.

काळी माती:
अलाके १९५० मध्ये गादीवर परत आला, हेही सांगा.

मनस्विनी:
आला, हो. पण बायकांच्या एकजुटीपुढे राजाला गादी सोडावी लागते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

निशिगंध:
काळी माती, टोमॅटोचा मुद्दा मला मान्य आहे, शेतकऱ्याची बाजू मी धरलीच नव्हती. पण ती राणी विक्रेत्यांचे तंटे सोडवते, अंत्यविधीला मदत उभी करते, माल उतू जातो तेव्हा भाव कोसळू नये म्हणून आवक रोखते. तिला हटवलं तर ही कामं कोण करणार? १९७९ मध्ये सैनिकांकडे त्याचं उत्तर नव्हतं. पाडलेल्या मकोलाच्या जागेवर वाहनतळ झाला. त्याला लोक रॉलिंग्ज पार्क म्हणू लागले आणि आसपास बायका पुन्हा माल मांडून बसल्या.

काळी माती:
शेतकऱ्यांची स्वतःची साठवण आणि वाहतूक हवी, हे माझं उत्तर. राणी राहू दे, पण शेतकऱ्याला तिच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक हवं.